माणूस निघालाय

मित्रांनो, मी एक जुना हेडसेट आहे. घरी गाणी ऐकायला तुम्ही जो हेडफोन लावता, त्याचा मी कामकरी भाऊ. मला दोन कान आहेत आणि तोंडापुढे येणारी एक बारीक दांडी आहे. त्या दांडीच्या टोकाला मायक्रोफोन असतो. आज माझ्या उजव्या कानाची गादी फाटली आहे आणि मायक्रोफोन बंद पडला आहे. माझ्यातून ऐकू येतं, बोलता येत नाही. तरीही मला कचऱ्यात टाकलेलं नाही. ते का, ते सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला ठाऊक नाही. मला जे आठवतं ते अंधेरी पूर्वेपासून. एमआयडीसीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, सहा वर्षांपूर्वी, बारा भावंडांसोबत माझं खोकं उघडलं गेलं. ही कंपनी दुकानांचे मोठे फ्रीज आणि कोल्ड रूम दुरुस्त करते. आइस्क्रीमवाले, औषधवाले, दूधवाले, मटणवाले, ज्यांचा माल गारव्यावर जगतो अशी सगळी माणसं इथे फोन करतात. फोन घेणारा तक्रार लिहून घेतो आणि मेकॅनिकला कळवतो. तेव्हा मेकॅनिक नऊ होते आणि तक्रारी रोजच्या साठ-सत्तर. हे दोन आकडे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

पहिली साडेचार वर्षं मी सुशांतच्या कानावर होतो. त्याने मला नीट वापरलं. रोज संध्याकाळी तो मला कोरड्या फडक्याने पुसायचा आणि वायर गुंडाळून खिळ्याला अडकवायचा. त्याचा आवाज मऊ होता, बोलण्यात घाई नव्हती. चिडून फोन केलेला माणूस त्याच्याशी बोलता बोलता शांत होई. या आवाजाच्या जोरावर तो फोन घेणाऱ्यांचा प्रमुख झाला आणि नव्या मुलांना शिकवू लागला.

तो शिकवायचा त्यातलं बरंचसं खरोखर चांगलं होतं. समोरच्याचं नाव आधी विचारा. त्याचं वाक्य तोडू नका. पत्ता पुन्हा म्हणून दाखवा. सुरुवातीच्या काही सेकंदांत समोरचा माणूस तुमच्याविषयी मत करून मोकळा होतो, म्हणून सुरुवात सांभाळा. पण तो आणखी एक गोष्ट शिकवायचा.

"बघा," तो म्हणायचा, "‘नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीला फोन लावतं. ‘माणूस निघालाय’ म्हटलं की थांबतं. एवढं साधं आहे."

तक्रारीपुढे स्क्रीनवर मेकॅनिकचं नाव उमटलं, की "माणूस निघालाय" म्हणायचं, अशी आमच्याकडची रीत होती. तो कधी खरोखर निघालेला असे. कधी दुसऱ्याच उपनगरात दुसरंच यंत्र उघडून बसलेला असे. मेकॅनिकही फोनवर "निघालोच" म्हणत आणि हातातला पाना चालू ठेवत. याला कुणी खोटं म्हणत नसे. सगळे तसंच बोलायचे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मला नेत्रा मिळाली.

नेत्रा मनोरीची, कोळ्यांची मुलगी. वय बावीस. वडील मासेमारी करतात, आई मंजुळा मालाडच्या बाजारात मासे विकते. सकाळी होडीने मार्व्याला यायचं, तिथून बस धरायची आणि मग अंधेरी गाठायची. महिन्याच्या पगाराची नोकरी करणारी त्या घरातली ती पहिलीच. मात्र तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. सप्टेंबरात तिचे फोन तपासणार, गुण देणार आणि मग तिला कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरणार. मनोरीत शेजारीपाजारी सगळ्यांना नोकरी लागल्याचं सांगून झालं होतं. सहा महिन्यांचं मात्र घरात तिघांनाच ठाऊक होतं.

तिचा पहिला फोन मला चांगला आठवतो. तिने बटण दाबलं आणि म्हणाली, "हां, बोला! काय झालं?"

चौदा टेबलांवरच्या माना वळल्या. माझ्या मायक्रोफोनला इतका आवाज कुणी कधी दिला नव्हता.

"अगं ए," सुशांत हसत आला, "होडीवरून हाक मारतेस काय? तो माणूस घाटकोपरला आहे, फोनवर आहे. त्याला ऐकू येतं."

"सवय आहे हो," नेत्रा म्हणाली. "आमच्याकडे वाऱ्यात बोलायला लागतं."

"इथे एसी आहे. वारा नाही."

सगळे हसले, तीही हसली. पण त्या दिवसापासून ती शिकू लागली. दांडी ओठांपासून दोन बोटं लांब धरायला शिकली. वाक्य संपवताना आवाज खाली आणायला शिकली. समोरचा ओरडत असताना गप्प राहायला शिकली, आणि हे शिकणं सोपं नसतं. दुपारी जेवायच्या सुट्टीत बाकीचे खाली गेले, की ती मला गळ्यात ठेवून पुटपुटत बसे, "नमस्कार, मी नेत्रा बोलते. मी आपली काय मदत करू?" तीन महिन्यांत तिचे गुण सुशांतच्या जुन्या गुणांजवळ जाऊन पोचले.

जूनमधल्या एका दुपारी तिने स्वतःच्या मोबाइलवरून आईला फोन लावला. पलीकडे बाजाराचा कल्ला होता.

"हॅलो, आई, मी बोलते."

"कोण बोलतं? माझ्या नेत्राला दे."

"आई, मीच नेत्रा."

"आगो बया! मना वाटलं बँकेची बाई हाय." मग मंजुळाबाईंचा आवाज जरा बाजूला वळला, "पापलेट नको घेव गो आज, कालचं हाय. बोंबील ने, ताजं हाय." आणि पुन्हा फोनमध्ये, "बोल पोरी. जेवलीस?"

नेत्राने जेवल्याचं सांगितलं. फोन ठेवल्यावर तिने डबा उघडला. तोपर्यंत ती जेवलेली नव्हती.

आता ऑगस्टची गोष्ट. सोमवार होता आणि गणपती दोन दिवसांवर आले होते. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी भांडुपहून फोन आला.

"मी मालन परब. माझी कोल्ड रूम बंद पडलीय. पहाटेपासून आवाजच नाय तिचा. आत चार हजार उकडीचे मोदक आहेत बाई, परवाच्या ऑर्डरीचे."

मालनताईंचं कुटुंब मूळचं सिंधुदुर्गातलं. सासरे गिरणीत होते. आता त्या चाळीतल्या पाच बायकांना घेऊन भांडुपच्या एका गाळ्यात मोदक, पुरणपोळ्या, सोलकढी असं बनवतात आणि गोठवून विकतात. हे सगळं त्यांनी पहिल्या मिनिटात सांगितलं, आणि नेत्राने त्यांना मध्ये तोडलं नाही. पत्ता पुन्हा म्हणून दाखवला. "एक मिनिट हं, मालनताई," असं म्हणून तिने त्यांना थांबवलं आणि धर्माला फोन लावला. भांडुपच्या तक्रारीपुढे धर्माचं नाव आलं होतं. धर्मा हा आमच्या नऊ मेकॅनिकांतला सगळ्यांत जुना.

"धर्मादादा, भांडुपला किती वाजता पोचाल?"

"अगं, मी बोरिवलीत आहे. आइस्क्रीमवाल्याचा कॉम्प्रेसर उघडून बसलोय. हा झाला की निघालोच."

"हा कधी होणार?"

"तीन तरी वाजतील. वर रस्ता, सणाचे दिवस. तू सांग ना निघालाय म्हणून."

दुसरा मेकॅनिक मोकळा नव्हता. तिने स्क्रीन दोनदा पाहिली. मग ती मालनताईंकडे परत आली.

"मालनताई, काळजी करू नका. आमचा माणूस निघालाय."

"किती वेळ लागेल?"

"दीड-दोन तास धरा."

"नक्की ना गो? नायतर मी माल हलवते. दीर टेम्पो घेऊन दारात उभा आहे. मुलुंडला ओळखीच्या माणसाचा मोठा फ्रीजर रिकामा आहे. पण बारानंतर टेम्पो दुसऱ्या भाड्याला जाणार."

इथे नेत्रा दोन सेकंद गप्प होती. हे मी अंदाजाने सांगत नाही. रेकॉर्डिंगमध्ये ती दोन सेकंदं आहेत. पहिल्या मिनिटात "नाही" हा शब्द आला की तपासणीत पाच गुण जात, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं की दहा. सप्टेंबरातली तपासणी तीन आठवड्यांवर होती.

"हलवायची गरज नाही, ताई," ती म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता, प्रेमळ होता. "माणूस निघालाय. फक्त दार उघडू नका, म्हणजे गारवा टिकेल."

"बरं झालं बाई तुझ्याशी बोलले. जीवात जीव आला."

बारा वाजून पाच मिनिटांनी मालनताईंचा पुन्हा फोन आला. त्यांनी नेत्राच हवी म्हणून सांगितलं. नेत्रा म्हणाली, रस्त्यात आहे. दोन चाळीसला पुन्हा आला. नेत्रा म्हणाली, पोचतोच आहे. तेव्हा माझ्या कानाच्या गाद्या घामाने ओल्या झाल्या होत्या. धर्मा भांडुपला पोचला तेव्हा सहा पन्नास झाले होते. दार उघडलं तर मोदकांच्या पाऱ्या चिरल्या होत्या आणि सारण आंबलं होतं. सगळेच्या सगळे टाकावे लागले.

तिसऱ्या दिवशी मालनताईंची लेखी तक्रार आली. ती स्क्रीनवर आली तेव्हा मी नेत्राच्या कानावरच होतो. तिने ती हळू आवाजात स्वतःशी वाचली. शेवटची ओळ अशी होती: "फोनवरची मुलगी फार चांगली बोलली, तिच्याबद्दल तक्रार नाही. तुमचा माणूसच वेळेवर आला नाही." त्या ओळीवरून धर्माला लेखी समज मिळाली. धर्मा म्हणाला, "चालायचंच," आणि पिशवी उचलून पुढच्या कामावर गेला.

नेत्राने कुणाला काही सांगितलं नाही. मी तिच्या कानावर होतो, मीही सांगू शकत नव्हतो.

सप्टेंबरात तपासणी झाली. तपासायला निवडलेल्या फोनमध्ये तो दहा वीसचा फोन होता. त्याला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गुण मिळाले. सुरुवात उत्तम. नावाचा वापर उत्तम. धीर देणं उत्तम. गिऱ्हाईक टिकवणं उत्तम. सांगितलं ते खरं होतं का, हा रकाना त्या कागदावर नव्हता.

शुक्रवारी दीप्ती मॅडमनी नेत्राला काचेच्या खोलीत बोलावलं. माणसं नेमणं आणि त्यांना शिकवणं हे त्यांचं खातं. समोर नवी सहा मुलं बसली होती. सुशांत दाराशी उभा होता. मी नेत्राच्या गळ्यात होतो.

"पहिली छाप कशी पाडायची, याचा हा नमुना," दीप्ती मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तो फोन ऐकवला. सगळा ऐकवला. "बरं झालं बाई तुझ्याशी बोलले" पर्यंत. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रांगेत श्रुतिका नावाची मुलगी होती, मुलुंडची, नुकतीच कॉलेज संपवलेली. तिने हात वर केला. "मॅडम, मग तो माणूस किती वाजता पोचला?"

"तो आपला विषय नाही," दीप्ती मॅडम म्हणाल्या. "आपण बोलण्याबद्दल शिकतोय."

"सात वाजता," नेत्रा म्हणाली.



"मी बोलत होते तेव्हा तो बोरिवलीत होता. मला माहीत होतं, एक मिनिट आधी मीच त्याच्याशी बोलले होते. त्यांचा टेम्पो दारात होता, आणि मी त्यांना माल हलवू नका म्हटलं. त्यांचे चार हजार मोदक फुकट गेले. धर्मादादाला समज मिळाली आणि मला अठ्ठेचाळीस गुण मिळाले."

बोलता बोलता तिचा आवाज मोठा झाला होता. काचेबाहेरच्या टेबलांवर पुन्हा माना वळल्या.

सुशांतने तिला बाहेर गाठलं. "वाट लावलीस यार! सोमवारी तुझं पत्र निघणार होतं. कुणी विचारलं होतं तुला?"

"त्या पोरीने विचारलं."

"तुला नव्हतं विचारलं, तिने मॅडमना विचारलं होतं. आणि सगळेच म्हणतात ना ‘निघालाय’? तू काय वेगळं केलंस?"

"त्यांनी मला टेम्पो दारात आहे म्हणून सांगितलं होतं, सुशांत. सगळ्यांना नसतं सांगत कोणी." ती थांबली. "माझं बोलणं आवडलं म्हणून सांगितलं."

मित्रांनो, हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा मनाशी म्हटलं आहे. नेत्रा उद्धट बोलली असती, अडखळली असती, तर मालनताईंनी तिच्यावर भरवसा ठेवला नसता. त्यांनी माल हलवला असता आणि तो वाचला असता. नेत्राने पाडलेली पहिली छाप इतकी चांगली होती, की एक अनुभवी बाई स्वतःचं डोकं बाजूला ठेवून तिच्या शब्दावर दिवसभर बसून राहिली.

नेत्राने दीप्ती मॅडमकडे एकच गोष्ट मागितली, मालनताईंना फोन करायची परवानगी. मॅडमनी विचार केला. मग त्यांनी कपाटातून दुतोंडी वायर काढली. ही वायर लावली की एकाच फोनला दोन हेडसेट जोडता येतात, शिकवणाऱ्याला बाजूला बसून ऐकता येतं. मी नेत्राच्या कानावर आणि दुसरा एक हेडसेट मॅडमच्या कानावर.

"मालनताई, मी नेत्रा. फ्रीजच्या कंपनीतून."

"बोल गो."

"त्या दिवशी माणूस निघाला नव्हता. तो बोरिवलीत होता आणि मला ते माहीत होतं. मी खोटं बोलले. तिन्ही वेळेला."

पलीकडे कुणीतरी नारळ खवत होतं, ते खवणं थांबलं.

"माका खोटा कित्याक सांगलंस?" मालनताईंना राग आला की त्यांची मालवणी वर येत असावी. "टेम्पो दारात होता माझा. पाच बायका चार दिवस रात्री अकरापर्यंत बसल्या होत्या. लोकांना काय सांगितलं असेल मी, गणपतीच्या दिवशी? सांग ना. तू गोड बोलतेस, तूच सांग, काय सांगायचं असतं अशा वेळी?"

क्षमा मागायची ठरलेली चार वाक्यं समोरच्या कागदावर छापलेली होती. तिने ती वाचली नाहीत.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "त्यात धर्मादादाची चूक नव्हती. तुमच्या तक्रारीत माझं नाव घाला."

"तक्रारीत तुझं कौतुक लिहिलंय मी," मालनताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

दीप्ती मॅडमनी हेडसेट काढला. वायर शांतपणे गुंडाळली.

सोमवारी नेत्राला पत्र मिळालं. कायम केलेलं नव्हतं, काढलेलंही नव्हतं. मुदत तीन महिन्यांनी वाढवली होती. धर्माची समज रद्द झाली आणि तपासणीच्या कागदावर खाली एक नवी ओळ आली, पहिल्यांदा पेनाने लिहिलेली: सांगितलेली वेळ, पोचलेली वेळ. त्या ओळीवर टेबलाटेबलांवर कुरकुर झाली. सुशांत आठवडाभर नेत्राशी बोलला नाही.

पुढच्या महिन्यांत नेत्राचे गुण घसरले. ती आता गिऱ्हाइकांना "आज जमणार नाही" सांगू लागली. काहींनी तिला शिव्या दिल्या, काही दुसऱ्या कंपनीकडे गेले. गुणांच्या यादीत ती चौदांत बारावी आली. नोव्हेंबरात एका खुर्चीचं चाक माझ्या दांडीवरून गेलं आणि माझा मायक्रोफोन गेला. मी समजलो, संपलं. पण दीप्ती मॅडमनी मला उचलून दुतोंडी वायरीला जोडलं. नवी मुलं पहिला आठवडा मलाच लावून कुणाच्यातरी शेजारी बसतील आणि फक्त ऐकतील, असं त्यांनी ठरवलं. बोलायचा मोह होऊ नये म्हणून मी सोयीचा.

त्यामुळे डिसेंबरातल्या त्या सकाळी मी श्रुतिकाच्या कानावर होतो. तिचं वर्गातलं शिकणं नुकतंच संपलं होतं आणि ऐकण्याच्या आठवड्यात ती नेत्राच्या शेजारी बसली होती. नेत्राच्या वाढीव मुदतीतला तो शेवटचा आठवडा होता. फोन वाजला. नंबर पाहून नेत्राची पाठ ताठ झाली. मालन परब. वर्षाचा करार मार्चपर्यंत होता, म्हणून त्यांना याच कंपनीत फोन करावा लागत होता.

"कोल्ड रूम बंद आहे," मालनताई म्हणाल्या. एवढंच.

नेत्राने स्क्रीन पाहिली. "चारच्या आधी कुणी येऊ शकत नाही, ताई. माल आत्ताच हलवा."

"बरं. ठेव."

फोन संपला. एकोणीस सेकंद.

श्रुतिकाने मला कानावरून जरा सरकवलं. "ताई, तुम्ही नमस्कार म्हणायला विसरलात. आणि मदत करू का, तेही राहिलं."

"विसरले नाही गं," नेत्रा म्हणाली आणि पुढचा फोन घेतला.

धर्मा तीन पन्नासला पोचला. खोली रिकामी होती. आतला सगळा माल सकाळीच मुलुंडला गेला होता. तपासणीत तोही फोन निघाला. सुरुवातीला शून्य, निरोपाला शून्य. खालच्या ओळीत: चार, तीन पन्नास. त्या शुक्रवारी नेत्राला कायम केल्याचं पत्र आलं. शेरा दीप्ती मॅडमच्या हातचा होता: "सांगितलेल्या वेळा पाळल्या जातात. सुरुवातीकडे लक्ष द्यावे." नेत्राने तो दोनदा वाचला आणि मान हलवली. तिला तो पटला होता.

मालनताईंनी मार्चमध्ये करार पुढे वाढवला नाही. नेत्राने त्यांना पुन्हा विचारलंही नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी बरेचजण एका-दोन वर्षांत कुठल्यातरी टेबलापाशी पहिल्यांदा बसाल. कपडे नीटनेटके घाला, नमस्कार म्हणा, समोरच्याचं वाक्य तोडू नका. हे सगळं जरूर शिका, मी त्याच्या विरुद्ध नाही. आम्हा यंत्रांनाही जरा जपा. वायरीला धरून ओढू नका, आमच्यावरून खुर्ची नेऊ नका. पण आपलं बोलणं समोरच्याला आवडतंय असं ज्या क्षणी तुमच्या ध्यानात येईल, त्या क्षणी अधिक सावध व्हा. तो माणूस आता तुमचं ऐकणार आहे. तुमच्या एका वाक्यावरून तो काहीतरी करायचं थांबवणार आहे, आणि ते काय आहे हे तो दर वेळी तुम्हाला सांगेलच असं नाही.